साठविलेले पाणी, हाडमोड्या ताप आणि आमची शाळकरी मुले

कपाशीला पात्या लागण्याच्या सुमारास आमचे शेतकरी बंधू सकाळीच शेतात जातात, पाने उलटून पाहतात, पात्या व फुले निरखतात आणि अळीचा कोठे शिरकाव झाला आहे काय याचा कसून शोध घेतात. अळी लहान असताना सापडली तर पीक हाती येते आणि बोंडात शिरल्यावर सापडली तर पश्चात्तापाखेरीज काही उरत नाही, हे त्यांस कोणी शिकवावयास नको. परंतु याच दिवसांत घराच्या अंगणातील टिपाडात, न्हाणीघरातील हौदात आणि गोठ्यापुढील दोणीत दुसरीच एक अळी वाढत असते. ती पिकावर पडत नाही. घरातील माणसांवर पडते. तिच्याकडे पाहण्याची आम्हांस सवय नाही. या अळीची ओळख आमच्या शाळकरी मुलांस कितपत आहे, जी आहे ती घराच्या उपयोगी का पडत नाही, आणि ती उपयोगी पडावी म्हणून शेतकरी कुटुंबाच्या कर्त्या पुरुषांनी व स्त्रियांनी काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आम्ही योजिला आहे.

लासूर स्टेशन व त्याच्या आसपासचा मुलूख आम्ही मुद्दाम दृष्टीसमोर ठेवितो. गंगापूर तालुक्यातील हे बाजाराचे गाव रेल्वेमुळे वाढले. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा हा मार्ग १९०० सालच्या सुमारास झाला. कापूस, कांदा, जनावरे यांच्या व्यवहारासाठी दूरदूरच्या खेड्यांतील माणसे येथे जमतात. हा सर्व प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. पाऊस बेताचा, उन्हाळ्यात विहिरींचे पाणी खाली गेलेले, आणि नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने, ही येथील नित्याची स्थिती. दुष्काळात टँकरची वाट पाहण्याचा अनुभवही या भागास आहे. यामुळे पाणी आले की घरातील भांडे न् भांडे भरून ठेवावयाचे, ही रीत घराघरांत रुजली आहे. ही रीत चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या घरी पाणी नाही त्यास ते साठवावेच लागते. मात्र या साठ्यातच एक विशिष्ट जातीचा डास वाढतो, आणि डेंग्यू व चिकुनगुन्या हे दोन ताप तोच डास पसरवितो.

डेंग्यूस आमच्याकडे हाडमोड्या ताप असे सार्थ नाव आहे. चिकुनगुन्या हे नाव आफ्रिकेतील माकोंडे भाषेतून आले. १९५२ साली टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानिया देशात, या रोगाची साथ आली, तेव्हा सांध्यांच्या वेदनेने वाकून गेलेल्या रोग्यास उद्देशून हा शब्द तेथील लोक योजीत. आपल्या भागास हा रोग परका नाही. मराठवाड्याच्या सीमेवरील बार्शी येथे १९७३ साली त्याची मोठी साथ झाली. त्यानंतर सुमारे ३२ वर्षे तो देशात साथीच्या रूपाने दिसला नाही. पुढे २००५ च्या अखेरीस तो पुन्हा उद्भवला, आणि २००६ साली देशभर सुमारे १४ लाख संशयित रोगी नोंदले गेले. त्यांत महाराष्ट्राचा, विशेषतः मराठवाड्याचा, वाटा मोठा होता. खेडीच्या खेडी अंथरुणास खिळली. निंदणी व वेचणीस माणूस मिळेना. ताप उतरल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहिले.

या ३२ वर्षांच्या अंतरात एक बोध आहे. ज्यांनी १९७३ ची साथ पाहिली ते २००६ पर्यंत वृद्ध झाले होते, आणि मधल्या पिढीस या रोगाची ओळखच उरली नव्हती. २००६ साली पहिलीत बसणारी कित्येक मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. साथ जाते तशी तिची आठवणही जाते, डास मात्र जात नाही. गावाची अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या जतन करणारी संस्था गावात एकच असते, आणि ती म्हणजे शाळा.

डास रोग पसरवितो ही गोष्ट शास्त्राने सिद्ध केली ती आमच्या या मुलुखापासून फार दूर नव्हे. ज्या रेल्वेमार्गावर लासूर आहे त्याच्याच दुसऱ्या टोकाशी असलेल्या सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. त्या वेळी सिकंदराबाद व औरंगाबाद जिल्हा दोन्ही निजामाच्याच राज्यात होते. हिवताप पसरविणारा तो डास ॲनॉफिलिस जातीचा. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा मुख्य डास निराळा. त्यास एडिस इजिप्ती म्हणतात. त्याच्या काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे व ठिपके असतात. तो रात्री नव्हे, दिवसा चावतो. विशेषेकरून सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोनतीन तासांत. म्हणजे केवळ रात्रीच्या मच्छरदाणीने त्याचा बंदोबस्त होत नाही, आणि शाळेत बसलेले मूलही त्याच्या तावडीत सापडते.

आता मुलांच्या ज्ञानाकडे वळू. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात संसर्गजन्य रोगांचा पाठ असतो आणि भिंतीवर आरोग्य खात्याची चित्रे असतात. डेंग्यू कशाने होतो असे विचारले तर वर्गातील बहुतेक हात वर होतात आणि “डासाने” हे उत्तर मिळते. डास कोठे होतो असे विचारले की उत्तर येते, “गटारात, घाणीत.” येथेच गोम आहे. घाण पाण्यात वाढणारा तो क्यूलेक्स, हत्तीरोग पसरविणारा. डेंग्यूचा डास गटाराकडे सहसा फिरकत नाही. त्यास पाहिजे असते स्वच्छ, न ढवळलेले, सावलीतील पाणी. म्हणजे आम्ही जपून ठेविलेले पाणी. जे मूल गटाराकडे बोट दाखविते ते ग्रामपंचायतीकडे बोट दाखविते, आणि घरातील रांजण मात्र निर्दोष सुटतो. मोठ्या माणसांची समजूतही बहुधा अशीच असते. सबब मुलाच्या पाठात पहिली दुरुस्ती हीच की, हा डास परसातला नव्हे, घरातला आहे.

दुसरी दुरुस्ती अंड्यांविषयीची. या डासाची मादी अंडी पाण्यावर घालीत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीस ती चिकटविते. ही अंडी काळी व बारीक असून पाणी आटले तरी मरत नाहीत. कोरड्या भांड्यास ती कित्येक महिने चिकटून राहू शकतात, आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या निघतात. शेतकऱ्यास हे समजावयास अवघड नाही. तणाचे बी उन्हाळाभर मातीत पडून असते व पहिल्या पावसाने तरारून येते, तसाच हा प्रकार. म्हणून भांडे नुसते उपडे करणे पुरे नाही. काथ्याने किंवा घासणीने आतील भिंत खरवडून घासली पाहिजे आणि भांडे उन्हात वाळविले पाहिजे. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळेतील टाक्या व पिंपे न घासता भरली, तर पहिल्याच आठवड्यात अळ्या का दिसतात, याचे कारण हेच.

तिसरी गोष्ट काळाची. उबदार हवेत अंड्यापासून पंख फुटलेला डास होण्यास साधारणपणे ७ ते १० दिवस लागतात. प्रथम अळी, नंतर स्वल्पविरामाच्या आकाराचा कोष, व शेवटी डास. या मुदतीच्या आत भांडे एकदा रिकामे करून घासले तर त्यातून एकही डास बाहेर पडत नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य खाते सांगते त्याचा आधार हा आहे. हे कारण न सांगता नुसता नियम सांगितला तर मूल तो परीक्षेपुरता पाठ करिते. कारण कळले तर तेच मूल आठवा दिवस चुकू देत नाही.

हे कारण डोळ्यांनी दाखविता येते. शिक्षकाने एखाद्या टिपाडातील अळ्यांसह थोडे पाणी काचेच्या बरणीत घ्यावे, तोंडास पातळ फडके घट्ट बांधावे, व बरणी वर्गात ठेवावी. अळ्या पृष्ठभागास डोके खाली करून लोंबतात व बरणीवर सावली पडली की वळवळत तळाशी जातात, हे मुलांस दिसेल. थोड्याच दिवसांत कोष व त्यानंतर फडक्याखाली डास दिसतील. मग फडके न सोडता बरणी कडक उन्हात ठेवून सर्व डास मारून टाकावेत. ज्या मुलाने हे एकदा पाहिले ते आपल्या घरच्या पाण्यातील वळवळ पाहून “पाण्यातले किडे आहेत, काही करीत नाहीत” असे म्हणणार नाही.

येथपर्यंतचे काम शाळेचे झाले. यापुढील अडचण मात्र शाळेची नव्हे, आमच्या घरांची आहे. मूल घरी येऊन सांगते की हे टिपाड ओतले पाहिजे. आई म्हणते, पाणी पुढच्या खेपेस येईल की नाही याचा भरवसा नाही. आजोबा म्हणतात, आमचा जन्म हेच पाणी पिण्यात गेला. मूल गप्प बसते. आम्ही आईस दोष देत नाही. दोन हंड्यांसाठी जिने उन्हातान्हात पायपीट केली आहे, तिने भरलेले टिपाड मुलाच्या सांगण्यावरून ओतून द्यावे, ही अपेक्षाच गैर आहे. पाण्याच्या टंचाईशी मेळ न घालणारा आरोग्याचा उपदेश कोरडाच राहतो. यास्तव पाणी न दवडता अळी कशी मारावी, हे सांगणे प्राप्त आहे.

पहिला उपाय, भांडी क्रमाने वापरावीत. भरल्याची तारीख प्रत्येक टिपाडावर खडूने लिहावी आणि सर्वांत जुने आधी संपवावे. हे काम शाळकरी मुलास सोपवावे. त्यास ते आवडते व साधते. रिकामे झालेले टिपाड पुन्हा भरण्यापूर्वी घासून वाळवावे. नळास पाणी येण्याच्या आदला दिवस हा घासणीस सर्वांत सोयीचा. दुसरा उपाय, जे पाणी सात दिवसांत संपणार नाही ते दुहेरी फडक्यातून गाळून दुसऱ्या घासलेल्या भांड्यात घ्यावे. फडक्यावरील अळ्या उन्हात कोरड्या मातीवर झटकल्या की मरतात. त्यांस पाण्याच्या नालीत टाकू नये. असे गाळलेले पाणी धुण्यास, जनावरांस किंवा झाडांस बिनदिक्कत चालते. तिसरा उपाय, भरलेल्या भांड्याचे तोंड घट्ट झाकावे. फट राहणारे झाकण न झाकल्यासारखेच होय. त्यापेक्षा दोरीने ताणून बांधलेले फडके बरे. चौथा उपाय, जो मोठा हौद रिकामा करणे अशक्य आहे, त्यात गप्पी मासे सोडावेत. हे मासे अळ्या खातात, आपोआप वाढतात, आणि त्यांची मागणी आरोग्य कर्मचाऱ्यांकडे करिता येते. हौदात अळीनाशक औषध टाकावयाचे असेल तर ते आरोग्य कर्मचाऱ्यानेच मापाने टाकावे. मुलांच्या हाती ते देऊ नये. मुलास उंच टाकीवर चढवू नये व खोल हौदात वाकू देऊ नये, हे सांगणे न लगे.

याखेरीज ज्यांत पाणी आम्ही साठवीत नाही पण ते आपोआप साठते, अशी ठिकाणे मुलांच्या चौकस डोळ्यांस लवकर सापडतात. गोठ्यामागे टाकलेली ट्रॅक्टरची जुनी टायरे, नारळाच्या करवंट्या, फुटके माठ, कीटकनाशकाचे रिकामे डबे, हंगाम संपल्यावर तसाच ठेविलेला कूलर, शीतकपाटामागील तबक, कुंड्यांखालच्या थाळ्या, या सर्वांत थोडेसे पाणीही या डासास पुरते. मात्र कीटकनाशकाच्या डब्यांस मुलांनी हात लावू नये. ते दाखवावेत व उचलावेत मोठ्यांनी.

या कामाचा हिशेब ठेविला पाहिजे. शेतात किडीचा अंदाज घेताना आपण काही झाडे मोजतो व शेकडा किती झाडांवर कीड आहे हे काढितो. घरांचाही हिशेब तसाच निघतो. समजा, मुलांच्या एका तुकडीने शिक्षकांसह ४० घरे पाहिली व त्यांपैकी ८ घरांत अळ्या आढळल्या, तर शेकडा २० घरे दूषित झाली. यास घर निर्देशांक म्हणतात. पुढील महिन्यात त्याच ४० घरांपैकी २ घरांत अळ्या सापडल्या, तर तो शेकडा ५ वर आला. हा आकडा शाळेच्या फलकावर लिहावा. घरमालकांची नावे मात्र लिहू नयेत. गणिताच्या तासाचा शेकडेवारीचा धडा याहून चांगला कोणता होणार? आणि मुलांस आपले काम फळास आले की नाही, हे त्यातून स्वतःच कळते.

असे काम खरोखर फलद्रूप होते काय, अशी शंका कोणी घेईल. त्यास हवाना शहराचे उदाहरण देतो. हाच एडिस डास तेथे पीतज्वर पसरवीत असे. कार्लोस फिन्ले या क्यूबन वैद्याने १८८१ साली डासाविषयीचा तर्क मांडला. वॉल्टर रीड यांच्या मंडळाने १९०० साली तो प्रयोगाने सिद्ध केला. त्यानंतर गॉर्गस या अधिकाऱ्याने १९०१ साली घरोघरी तपासनीस पाठवून पाण्याची पिंपे झाकविली, निरुपयोगी साठे ओतविले, आणि त्याच वर्षात पिढ्यान्‌पिढ्यांचा पीतज्वर त्या शहरातून नाहीसा झाला. मात्र तेथे अमेरिकेची लष्करी सत्ता होती. आमच्या खेड्यात असा तपासनीस दर आठवड्यास घरात येणार नाही, आणि आला तरी न्हाणीघरापर्यंत त्यास कोण जाऊ देणार? घरातील प्रत्येक कोपरा ज्यास मोकळा आहे असा एकच तपासनीस आमच्याकडे आहे, तो म्हणजे आमचे स्वतःचे मूल. त्याच्याजवळ ज्ञान आहे, वेळ आहे, उत्साह आहे. नाही तो फक्त अधिकार. आणि तो देणे घरच्या कर्त्या माणसांच्या हाती आहे.

रोग झाल्यावर काय करावे, हेही मुलांस व मोठ्यांस ठाऊक असावे. डेंग्यूवर रोगाचे मूळ छेदणारे औषध नाही. वेळेवर उपचार व पुरेसे पाणी पोटात जाणे यांवर रोग्याचा जीव वाचतो. एकाएकी चढलेला ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंग मोडून येणे, अंगावर पुरळ, ही लक्षणे दिसताच सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. तापास पॅरासिटामॉल वैद्याच्या सल्ल्याने घ्यावे. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढण्याचे भय असते. सर्वांत महत्त्वाचे असे की, ताप उतरू लागला म्हणजे धोका टळला असे मानू नये. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरत असतानाच, पोटात कळा, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, थंड पडलेले हातपाय, विलक्षण अस्वस्थता किंवा ग्लानी ही चिन्हे दिसली, तर एक तासही न दवडता रोग्यास रुग्णालयात न्यावे. वेचणीच्या धांदलीत “ताप उतरला, आता बरे आहे” म्हणून मूल घरी ठेविले जाते व घात होतो. रोगी अंथरुणावर असता दिवसाही त्यास मच्छरदाणीत ठेवावे. नाही तर घरातील डास त्यास चावून तोच रोग दुसऱ्यास देतो.

आमची सूचना थोडक्यात अशी. शनिवारची शाळा सकाळची असते. त्या दिवशी शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेतील सर्व भांडी तपासावीत. रविवारी मुलांनी आपापले घर तपासावे आणि घरातील एका मोठ्या माणसाने त्यांच्याबरोबर उभे राहावे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतातच. आमच्या वाचकांपैकी जे तेथे आहेत त्यांनी जूनच्या पहिल्याच सभेत हा विषय घ्यावा व डिसेंबरपर्यंत तो चालू ठेवावा. ग्रामपंचायतीने नळास पाणी सोडण्याचे दिवस ठरवून ते पाळावेत, म्हणजे भयापोटी होणारा साठा आपोआप कमी होईल. हे पंचायतीचे काम घराच्या कामाइतकेच मोलाचे आहे.

यास खर्च फार नाही. एक काथ्या, एक फडके, एक खडू आणि आठवड्यातील एक तास. शेतात कीड पाहून वडिलांस सांगणाऱ्या मुलाची आम्ही पाठ थोपटतो, आणि त्याच्या सांगण्यावरून त्याच दिवशी उपाय योजितो. घरातील पाण्यात अळी पाहून सांगणाऱ्या मुलाचे म्हणणेही तितक्याच तत्परतेने ऐकले जावे, एवढीच आमच्या शेतकरी बंधुभगिनींस विनंती आहे.